मशीन पाच लाखाचं, बिल दीड लाखाचं करायचं का?

देवगड तालुक्यातून, पडेलच्या बाजूच्या एका ताईंचा मेल आलाय, नाव टाकत नाही. त्या आणि त्यांचे मिस्टर आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, आमसुलं, आगळ असं करतात, वर्षाची विक्री साधारण २८ लाख, जीएसटी नंबर आहे आणि तो रेग्युलरमध्ये आहे. आता त्यांना चीनवरून फ्रीझ ड्रायर आणायचाय, म्हणजे हापूसच्या फोडी आणि कापा फणसाचे गरे न तळता सुकवून विकता येतील. सप्लायरचा भाव आपल्या पैशात ५ लाख, बोटीचं भाडं आणि विमा मिळून वर ४० हजार. क्लिअरिंग एजंटने कस्टम ड्युटीचा आकडा काढून दिला तो जवळपास दीड लाख, आणि तो ऐकून ताईंच्या पोटात गोळाच आला. मग सप्लायरचा व्हॉट्सॲप आला की टेन्शन घेऊ नका, मी बिल दीड लाखाचं बनवून देतो, तुमच्या देशातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना असंच देतो. उरलेले साडेतीन लाख ताईंचा सख्खा भाऊ मस्कतवरून परस्पर त्याच्या खात्यात भरणार, आणि त्या बदल्यात ताई इथे आईच्या घराच्या पडवीचं आणि कौलांचं काम करून देणार. तसं केलं तर ड्युटी ५३ हजारावर येते, म्हणजे ९७ हजार वाचतात. दीर म्हणतात, "सगळेच करतत, काय होवचा नाय." मिस्टर गप्प आहेत. पूर्ण ड्युटी भरायची तर बांगड्या गहाण ठेवायला लागतील. ताईंनी शेवटी लिहिलंय, दादा पैशाच्या हिशोबानेही सांगा आणि बरोबर का चूक तेही सांगा, दोन्ही सांगा.

ताई, दोन्ही सांगतो. आणि उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे तुम्ही खाली वाचेपर्यंत जीव टांगणीला नको. हे करू नका. मशीन घ्या, जरूर घ्या, पण खऱ्या बिलावर घ्या.

आता पैशाचं. तुम्हाला जो ९७ हजाराचा आकडा दिसतोय ना, तो फसवा आहे, आणि मला एजंटचं थोडं वाईट वाटलं की त्याने तुम्हाला फक्त टोटल सांगितली, आतली फोड सांगितली नाही. कस्टम ड्युटी म्हणजे एक रक्कम नसते. तुमच्या एजंटने जे दर दिलेत तेच धरतो. कस्टमवाले नुसत्या मशीनच्या किमतीवर ड्युटी लावत नाहीत, भाडं आणि विमा धरून लावतात, म्हणजे तुमचे ५ लाख ४० हजार. त्यावर बेसिक ड्युटी साडेसात टक्के, ४०,५०० रुपये. त्या ड्युटीवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ४,०५० रुपये. आणि मग या सगळ्याची बेरीज करून, म्हणजे ५,८४,५५० वर, १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, तो येतो १,०५,२१९. टोटल १,४९,७६९. आलं लक्षात? दीड लाखातले एक लाख पाच हजार हा जीएसटी आहे, आणि तुम्ही रेग्युलर आहात, माल जीएसटी लावून विकता, तर हा पैसा तुम्हाला क्रेडिट म्हणून परत मिळतो. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे माल सोडवताना कस्टमला भरून द्यायच्या कागदावर, तुमचा जीएसटी नंबर बरोबर टाकलेला असला की ती एंट्री आपोआप तुमच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटीच्या साईटवरच्या क्रेडिटच्या यादीत, येऊन बसते आणि ३बी हे महिन्याचं रिटर्न भरताना तुम्ही ती वापरता. म्हणजे मशीन आणण्याचा खरा ड्युटीचा खर्च ४४,५५० रुपये. दीड लाख नाही.

आता खोट्या बिलाचं गणित तसंच करू. दीड लाख अधिक ४० हजार, म्हणजे १ लाख ९० हजारावर बेसिक आणि सरचार्ज मिळून १५,६७५, आयजीएसटी ३७ हजार, टोटल ५२,६९६. तुमचे ९७ हजार वाचले त्यातले ६८ हजार तर तसेही परत येणारे होते. उरले २८,८७५. एवढाच तुमचा खरा फायदा. त्यासाठी हे सगळं.

हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, क्रेडिट म्हणजे हातात रोख पैसा नाही. तुम्ही विकता पाच टक्क्याने आणि मशीनवर भरलाय अठरा टक्क्याने, त्यामुळे ते क्रेडिट हळूहळू वापरलं जाणार, आणि मशीनच्या टॅक्सचा रोख रिफंड असा मागता येत नाही. तुमच्या २८ लाखाच्या विक्रीवर जीएसटी होतो १ लाख ४० हजार, त्यातून साखर, पॅकिंग, ट्रान्सपोर्ट याचं क्रेडिट वजा जाऊन तुम्ही वर्षाला ८० हजाराच्या आसपास रोख भरता असं तुम्ही पाठवलेल्या रिटर्नवरून दिसतंय. म्हणजे मशीनचं क्रेडिट संपायला सोळाएक महिने लागतील, तेवढे महिने तुम्हाला जीएसटी खिशातून भरायला लागणार नाही. मधल्या काळासाठी पैसे कर्जाने उचलले आणि दहा टक्के व्याज धरलं तरी सहा-सात हजार रुपये व्याज जाईल. तो खर्च मी लपवत नाही. तर २८,८७५ अधिक हे सात हजार, छत्तीस हजाराच्या घरात फायदा म्हणा. मशीनचं आयुष्य दहा वर्ष धरलं तर महिन्याला तीनशे रुपये.

आता या छत्तीस हजारासमोर काय काय उभं आहे ते बघा.

सगळ्यात आधी तुमचा आणि सप्लायरचा व्यवहार. कागदावर तुम्ही त्याला दीड लाख दिलेत. मशीन आलं आणि व्हॅक्यूम पंप चालत नाही, किंवा ट्रे सांगितल्यापेक्षा लहान आले, तर तुम्ही भांडणार कशाच्या जोरावर? बाकीचे साडेतीन लाख मस्कतवरून कुणाच्या तरी पर्सनल खात्यात गेलेत, त्याच्यावर ना तुमचं नाव ना मशीनचं. जो माणूस तुम्हाला सुरुवातीलाच खोटं बिल ऑफर करतो तो तुमच्याशी नंतर खरं वागेल हे धरून चालणं मला तरी जमणार नाही. तुमच्या मेलमध्ये मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली, कस्टमपेक्षाही.

मग भाऊ. ताई, भावाने तिकडून परस्पर भरायचं आणि तुम्ही इथे रुपयात फेडायचं, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, घराघरातला एक माणूस आखातात असलेल्या किनाऱ्यावर आपण राहतो. घरातल्या घरात केलं, आईच्या कौलांसाठी केलं म्हणून तो हवाला नाही असं कायदा म्हणत नाही. फेमामध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत जातो, म्हणजे साडेतीन लाखावर साडेदहा लाखापर्यंत. आणि भाऊ तिकडे नोकरीवर आहे, त्याला यात कशाला ओढायचं.

कस्टमचं म्हणाल तर माल न्हावा शेवाला उतरणार, म्हणजे उरणला, आपल्याच रायगडात, त्यामुळे दिरांना वाटत असेल की ओळखीपाळखीने होऊन जाईल. पण आता तुमची बिल ऑफ एंट्री कुठल्या शहरातला अधिकारी बघतोय हे एजंटलाही कळत नाही, २०२० पासून फेसलेस आहे सगळं. त्याच्यासमोर तसल्याच मशीनच्या आधीच्या आयातीचे भाव असतात, आणि त्याने नुसतं त्या सप्लायरचं पान उघडलं तरी पाच लाखाचा भाव तिथे लिहिलेला आहे. त्याला शंका आली तर २००७ च्या व्हॅल्युएशन रूल्सप्रमाणे तो कागद मागतो, पटले नाहीत तर तुमचा आकडा बाजूला ठेवून स्वतः किंमत ठरवतो. किंमत खोटी लिहिली म्हणून माल जप्त करता येतो, तो सोडवायला वेगळा दंड. ड्युटी बुडवली तेवढाच दंड वर, व्याज १५ टक्के. जाणूनबुजून खोटा कागद दिला असं ठरलं तर कलम ११४एए मध्ये मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाता येतं. आणि मशीन सुटून घरी आलं म्हणजे विषय संपला असं नाही, मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर पाच वर्षांपर्यंत मागे येऊन नोटीस देता येते. समजा दोन वर्षांनी आली, ९७ हजार ड्युटी, २९ हजार व्याज, ९७ हजार दंड, सव्वादोन लाख झाले आणि जप्तीचा दंड त्यात धरलेलाच नाही.

प्रत्येक वेळी पकडतात का? नाही पकडत. दीर खोटं बोलत नाहीयेत, खूप जणांचं खूप वेळा सुटतं. पण मी तुम्हाला एक सांगतो जे मी सहसा लिहीत नाही. २०१६ मध्ये बंदरावरच्या माझ्या एका क्लायंटने बाहेरून बर्फाचं मशीन मागवलं, फ्लेक आईसचं, आणि बिल निम्म्याहून कमी केलं. मला त्याने आधी सांगितलं होतं. मी गप्प बसलो. मनात म्हटलं कस्टम हा माझा विषय नाही, मी गुंतवणुकीचं बघतो, आणि खरं सांगायचं तर क्लायंट हातचा जाईल अशीही भीती होती. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते, त्याच्या आत मशीन बसवायचं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माल आला आणि किमतीवर क्वेरी लागली. गोदामात माल पडून, त्याचं भाडं रोज चढतंय, हा रोज एजंटला फोन करतोय, एजंट म्हणतोय आज होईल, उद्या होईल. शेवटी पूर्ण किमतीवर ड्युटी भरली, दंड भरला, गोदामाचं भाडं भरलं आणि मशीन दारात आलं सप्टेंबरात. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, पहिल्या महिन्याची मासळी त्याने बाहेरून बर्फ विकत घेऊन भरली. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, आणि त्यासाठीच मी तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय.

तुमचं तर सगळं वर्ष त्या अडीच-तीन महिन्यांवर. मार्चमध्ये फणस सुरू, एप्रिल-मे आंबा, पाऊस आला की खेळ खलास. मशीन महिनाभर क्वेरीत अडकलं तर तुमचं छत्तीस हजाराचं नुकसान नाही होणार, तुमचा एक अख्खा सीझन जाईल.

आता विमा, याच्यावर मला जरा थांबायचंय. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं त्यानंतरच्या आठवड्यात मी तिथे होतो, ओळखीच्या लोकांचे क्लेमचे फॉर्म भरून द्यायला. एक दुकान-कम-गिरणी होती, आत घोटाभर चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. मालकीणबाईंनी बिलबुकाची पानं एकेक सोडवून पत्र्यावर पसरली होती, वर दगड ठेवले होते उडू नये म्हणून, निळी शाई पसरून नुसते ढग झाले होते. सर्व्हेअर आला, चांगला माणूस होता, उगाच त्रास देणारा नव्हता, त्याने प्रत्येक मशीनसमोर उभं राहून एकच विचारलं, याचं खरेदीचं बिल? मोठ्या ग्राइंडरपाशी आल्यावर त्या बाई गप्प झाल्या. ते मशीन अर्ध्या बिलाचं होतं, उरलेली रक्कम रोख दिलेली, घेताना टॅक्स वाचला म्हणून. सर्व्हेअरने बिलातला आकडा लिहिला. तो दुसरा काय लिहिणार? त्या बाईंना भरपाई मिळाली ती अर्ध्या मशीनची.

तुमची शेड खाडीपासून किती लांब आहे मला माहीत नाही पण निसर्ग आणि तौक्ते दोन्ही आपण बघितलीयत, एक २०२० ला एक २०२१ ला. ज्या मशीनची कागदावर किंमत १ लाख ९० हजार आहे त्याचा विमा ५ लाख ४० हजाराचा कसा उतरवणार? आणि बोटीतला विमासुद्धा बिलावरच निघतो. येताना पेटी आदळली तर हातात दीड लाखाचं बिल.

बँकेचंही तेच. तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी शेड वाढवायला कर्ज काढणार. मॅनेजर तुमची बॅलन्स शीट बघणार, त्यात मशीन दिसणार दोन लाखाचं. आणि पीएमएफएमई योजना तुम्ही ऐकली असेल, सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची, ज्यात बँक कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान असतं, कमाल १० लाख. ती मशीन घ्यायच्या आधी मंजूर करून घ्यायला लागते, आणि योजना सध्या चालू आहे का आणि आयात केलेलं मशीन त्यात बसतं का हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आणि तुमच्या बँकेत जाऊन आधी विचारा. बसलं, तर ५ लाखाच्या मशीनवर पावणेदोन लाख अनुदान, दीड लाखाच्या बिलावर साडेबावन्न हजार. फरक १ लाख २२ हजार. म्हणजे ९७ हजार वाचवायच्या नादात त्याहून जास्त सोडून दिले.

इथपर्यंत पैशाचं झालं. तुम्ही बरोबर का चूक तेही विचारलंय, आणि ते शेवटी विचारलंय पण मला वाटतं तुम्हाला खरं तेच विचारायचं होतं.

तुमच्या मेलमध्ये एक वाक्य आहे, तुम्ही ते असंच जाता जाता लिहिलंय. आंबापोळी पाकिटात ठेवून ठेवून सुकते आणि वजन उतरतं, म्हणून २०० ग्रॅमच्या पाकिटात तुम्ही २०४ भरता, गिऱ्हाईक दादरला घरी वजन करून बघेल तर त्याला २०० भरलं पाहिजे. ताई, कुणीही तुम्हाला ते विचारत नाही. चार ग्रॅम कमी भरले असते तर कोण येणार होतं वजन करायला? तरी तुम्ही भरता. मग तुम्हाला झोप लागत नाही म्हणताय त्यात नवल काय, जी बाई चार ग्रॅमसाठी काटा दोनदा बघते तिच्या हाताने साडेतीन लाखाचं खोटं लिहून घ्यायचं चाललंय.

आणि आपण आंबेवाले तरी हे बोलू नये. दर वर्षी मार्च-एप्रिलला आपण सगळे काय ओरडत असतो? वाशीला खोक्यावर देवगड हापूस लिहितात आणि आत कर्नाटकचा आंबा भरतात. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, तेव्हा आपण पेढे वाटले, का, तर आता खोक्यावर जे लिहिलंय तेच आत असेल. तो खोटी पेटी भरणारा व्यापारी पण हेच म्हणतो की सगळेच करतात, काय होत नाही. त्याच्यामुळे तुमच्या बागेतल्या खऱ्या आंब्याला भाव कमी मिळतो हे तुम्ही दर वर्षी सोसता. आता मशीनच्या खोक्यावर दीड लाख लिहून आत पाच लाखाचं मशीन आणायचं, तर ज्या कुणी राजापूरच्या किंवा वेंगुर्ल्याच्या पोरीने असलंच मशीन पूर्ण ड्युटी भरून आणलं तिच्यापेक्षा तुमचे गरे पाकिटामागे रुपया-दोन रुपये स्वस्त पडणार. तिचं काय चुकलं? सरकार लांब आहे, दिसत नाही, पण ती पोरगी तुमच्याच प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर बसलेली असेल.

एवढा टॅक्स भरून साधा रस्ताही धड मिळत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते मला शंभर टक्के पटतं. मुंबई-गोवा हायवे २०११ पासून रुंद होतोय, माझी मुलगी शाळेत होती ती आता नोकरीला लागली, आणि अजून पळस्प्यापासून झारापपर्यंत एका दमात नीट जाता येत नाही, आंब्याच्या पेट्या खड्ड्यात आदळून डाग पडतात त्याची भरपाई कोण देतं, तर कोणी नाही. हा राग खरा आहे आणि तो काढायलाच हवा, आमदाराकडे, ग्रामसभेत, आंदोलनात, जिथे जमेल तिथे. पण खोट्या बिलाने रस्ता करणाऱ्याला काही कळत नाही ताई, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. बातमी फक्त तुमच्या घरात राहते, आणि तुमचे मिस्टर गप्प आहेत म्हणजे त्यांना ती आत्ताच जड झालीय.

एजंटचाही विचार करा, त्याचं लायसन्स आहे, त्याला खरं माहीत असताना खोटं भरायला लावणं म्हणजे त्याचं पोट धोक्यात घालणं.

मग करायचं काय. कायद्यात राहून ड्युटी कमी होते, थोडी होते पण होते. सप्लायरला खरा डिस्काउंट मागा, दीड लाखाचं बिल द्यायला तयार असलेला माणूस पाच लाखाचे चार लाख ऐंशी करायला पण तयार होईल, आणि खरोखर कमी दिलेल्या पैशावर कमी ड्युटी हे शंभर टक्के कायदेशीर आहे. दुसरं, मशीन इथे आल्यावर बसवून देणं, चालवायला शिकवणं याचे पैसे तो पाच लाखात धरत असेल तर ती ओळ बिलात वेगळी दाखवायला सांगा, आयात झाल्यानंतरच्या उभारणीचा आणि देखभालीचा खर्च बिलात वेगळा दाखवलेला असेल तर तो कस्टमच्या किमतीत धरत नाहीत. अर्थात खरोखर तेवढंच काम असेल तरच, मशीन दोन लाख आणि ट्रेनिंग तीन लाख असं करू नका, ते परत तेच झालं. एचएस कोड, म्हणजे मशीन कस्टमच्या कुठल्या वर्गात मोडतं आणि ड्युटीचा दर कुठला ते ठरवणारा नंबर, एजंटकडून लेखी घ्या. निर्यातीसाठी ईपीसीजी म्हणून एक योजना आहे ज्यात ड्युटी माफ होते पण वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायला लागते, तुम्ही अजून बाहेर माल पाठवत नाही, आणि ४४ हजारासाठी ते ओझं डोक्यावर घ्यावं असं मला वाटत नाही, सोडून द्या.

भावाकडून 'गिफ्ट' म्हणून काही सुटे पार्ट पाठवायचं पण तुम्ही विचारलंय. ते आता चालत नाही. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने, कुरियरने गिफ्ट म्हणून ड्युटीशिवाय फक्त राखी आणि जीव वाचवणारी औषधं येतात, बाकी वस्तू गिफ्ट असली तरी पूर्ण ड्युटी भरूनच. पार्ट मशीनबरोबरच मागवा, एकाच बिलात.

पण भावाची मदत मात्र घ्या, आणि बांगड्या घरात ठेवा. त्याला साडेतीन लाख द्यायचेच आहेत ना, मग ते सप्लायरला नकोत, मस्कतवरून बँकेने सरळ तुमच्या खात्यात पाठवू दे. सख्ख्या भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर रक्कम कितीही असली तरी तुम्हाला इन्कम टॅक्स लागत नाही, एका कागदावर दोघांच्या सह्या करून ठेवा म्हणजे पुढे कुणी विचारलं तर दाखवता येईल. भेट नसेल, उसने असतील, तर तसा कागद करा आणि परतफेडही बँकेतूनच, त्याचे नियम वेगळे आहेत, आधी सीएंना विचारून घ्या. आईच्या पडवीचं तुम्ही तुमच्या पैशाने करणार असाल तर करा की, आई तुमचीही आहे, पण दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधू नका. मग तुमचे साठवलेले ४ लाख आणि हे साडेतीन, साडेसात झाले, त्यातून ५ लाख ४० हजार मशीन आणि दीड लाख ड्युटी जाऊन साठएक हजार उरतात. मुलीच्या एफडीला हात लागत नाही, सोनार नाही, सावकार नाही.

ते साठ हजार खर्च करू नका मात्र. फ्रीझ ड्रायरची एक बॅच चोवीस तासाच्या वर चालते, मध्ये लाईट गेली तर आतला माल मऊ पडतो, आणि मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की आपल्याकडे लाईटचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मशीनच्या लोडला पुरेल असा जनरेटर किती पडतो ते वायरमनला विचारून ठेवा, सप्लायरने हा खर्च तुम्हाला सांगितलेला दिसत नाही.

पैसे पाठवायच्या आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर काढा, पॅनवरच मिळतो, डीजीएफटी या केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या साईटवर, फी ५०० रुपये. पूर्ण ५ लाख तुमच्या करंट अकाउंटमधून बँकेने जाऊ देत, एकदम नाही, थोडे आगाऊ आणि बाकीचे मशीन चालू करून व्हिडिओ दाखवल्यावर. बँक पुढे बिल ऑफ एंट्री मागेल आणि पाठवलेल्या रकमेशी जुळवेल, ती जुळेलच. बोटीला आणि क्लिअरिंगला मिळून महिना-सव्वा महिना धरा, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माल तिकडून सुटला तरी फणस कापायच्या आधी मशीन शेडमध्ये उभं असेल.

सप्लायरला आजच एवढं लिहा, की बिल पूर्ण किमतीचं हवं, नावावर माझ्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर, इन्स्टॉलेशनची ओळ वेगळी, आणि शेवटचा भाव किती कमी करताय ते कळवा. त्याने नाही म्हटलं तर दुसरा सप्लायर बघू. नवीन प्रोफॉर्मा आला की मला फॉरवर्ड करा, आकडे मी तपासून देतो, त्याची फी नको.